शिबिर सात दिवसांचे, गाव बारा महिन्यांचे

२४ सप्टेंबरचा वर्धापनदिन जवळ आला की महाविद्यालयांतल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या कपाटांची कुलपे उघडतात. कोणार्कच्या रथचक्राचे बिल्ले बाहेर निघतात, गेल्या वर्षीचा फलक झटकून पाहिला जातो, त्यावरचे साल झाकता येण्याजोगे नसले तर नवा फ्लेक्स छापायला जातो. पाहुणे ठरतात, शाल-श्रीफळाची ऑर्डर जाते, सूत्रसंचालनासाठी दरवर्षीचीच मुलगी पुढे केली जाते. नेमके याच दिवसांत भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातल्या कोंढा-कोसऱ्याच्या शिवारात धान निसवू लागलेले असते. रोवणीची धांदल सरलेली, कापणी अजून लांब, बांध्यांत पाणी टिकते की नाही एवढीच काळजी. धानाच्या मुलखाला जरा मान वर करून इकडेतिकडे पाहण्याइतकी फुरसत मिळते, असा वर्षातला हा थोडका काळ आहे. महाविद्यालयीन उपक्रमांच्या तारखा मुंबई-दिल्लीत ठरतात आणि बहुधा गावाच्या गैरसोयीच्याच निघतात. ही एक तारीख मात्र अपवाद आहे. तिचा उपयोग फलकापुरता करायचा की आणखी कशासाठी, हे ठरवण्याची वेळ दर सप्टेंबरात येते आणि दर सप्टेंबरात निघून जाते.

कोंढ्याचा उल्लेख मुद्दाम केला. कोंढा-कोसऱ्याला नागपूर विद्यापीठाशी संलग्न असे डॉ. अरुण मोटघरे महाविद्यालय आहे. पुढे जे म्हणायचे आहे ते या किंवा दुसऱ्या कुठल्या एका महाविद्यालयाबद्दल नाही. पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या महाविद्यालयांना ते सारखेच लागू आहे. शहरातल्या विद्यापीठाचा परिसर म्हटले की वसतिगृहे, कँटीन, झाडाखालचे कट्टे, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या तालमी डोळ्यांपुढे येतात. विद्यार्थी तिथे राहतो, म्हणून तिथे समाज तयार होतो. गावातल्या महाविद्यालयात दुपारची एसटी निघाली की निम्मा वर्ग तिच्यातून निघून जातो. उरलेले बांधावर, दुकानावर किंवा घरच्या जनावरांकडे वळतात. इथल्या विद्यार्थ्याचे सामूहिक जीवन महाविद्यालयाच्या फाटकाच्या आत फार थोडे आणि बाहेर फार मोठे असते. हे एवढे साधे वास्तव आपल्या वार्षिक उपक्रम-आराखड्यांत दिसत नाही. ते आराखडे शहरातल्या परिसराची नक्कल करतात आणि मग सभागृह का भरत नाही म्हणून खंत करत बसतात.

राष्ट्रीय सेवा योजनेचा जन्म मात्र नेमका उलट विचारातून झाला होता. विद्यार्थ्याने शिकता शिकता समाजात जाऊन काम करावे, हा विचार गांधीजींचा. स्वातंत्र्यानंतर त्याला सरकारी रूप कसे द्यायचे यावर बरीच भवति न भवति झाली. १९५९ मध्ये त्यासाठी चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नरपद आणि देशाचे अर्थमंत्रिपद भूषवलेल्या या माणसाच्या समितीने सुचवले काय, तर शाळा संपवून महाविद्यालयात जाणाऱ्या प्रत्येकाने नऊ महिने ते वर्षभर सक्तीची राष्ट्रीय सेवा करावी! खर्च आणि व्यवस्थेच्या नावाखाली ते मागे पडले. मग के. जी. सय्यदैन यांनी वेगवेगळ्या देशांतल्या अशा योजना पाहून १९६० मध्ये अहवाल दिला आणि सेवा ऐच्छिक असावी असे सांगितले. पुढे कोठारी आयोगानेही समाजसेवेला शिक्षणाचा भाग मानले. अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू केली. देशमुख समितीचे वर्ष शेवटी आक्रसून वर्षाचे १२० तास आणि एक विशेष शिबिर एवढे झाले. सक्ती गेली हे बरेच झाले. पण गावात राहण्याचा काळही तिच्याबरोबर गेला, आणि त्याची भरपाई आपण आजवर बिल्ल्याने आणि प्रोत्साहनपर गुणांनी करत आलो आहोत.

त्याच १९६९च्या हंगामात पवनीला आणखी एक गोष्ट घडत होती. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन सुरू केले. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९६९-७० मध्ये झालेल्या त्या कामातून एक मोठा बौद्ध स्तूप उजेडात आला. त्याचा अहवाल विद्यापीठाने १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. वैनगंगेच्या काठी दोन हजार वर्षांपूर्वी भरभराटलेले गाव होते, हे त्यामुळे जगाला कळले. बुद्धावर फणा धरणारा नागराज मुचलिंद इथल्या दगडात कोरलेला सापडला, आणि सापडली ब्राह्मी लिपीत कोरलेली दान देणाऱ्या स्त्री-पुरुषांची नावे. कुणी एक खांब दिला, कुणी कठड्याची पट्टी दिली. एकट्या राजाने बांधून गावाला भेट दिलेली ही वास्तू नव्हे. लोकांनी आपापल्या ऐपतीचा दगड आणून ती उभी केली आणि ज्याचे त्याचे नाव त्या त्या दगडावर राहू दिले.

पवनीच्या परिसरात सामुदायिक कार्याचा याहून जुना आणि याहून स्पष्ट पुरावा आम्हाला ठाऊक नाही. आता आपल्या उपक्रमांच्या अहवालांशी त्याची तुलना करून पाहा. अहवालात प्राचार्य असतात, कार्यक्रम अधिकारी असतात, उद्‌घाटक आणि प्रमुख अतिथी त्यांच्या सर्व पदव्यांसह असतात. ज्याने शिबिरासाठी आपला गोठा रिकामा करून दिला, जिने पन्नास पोरांसाठी चुलीवर भात रांधला, ज्याने नाल्याची जागा नेमकी कुठे धरायची ते दाखवले, त्यांच्या वाट्याला ‘ग्रामस्थ मोठ्या संख्येने उपस्थित होते’ एवढे एक वाक्य येते. दोन हजार वर्षांपूर्वीचे पवनीकर या बाबतीत आपल्यापेक्षा अधिक आधुनिक होते म्हणायचे.

हे लिहिताना एक सावधगिरी बाळगायला हवी. शिबिरांची टिंगल करणे फार सोपे आहे आणि ती करणाऱ्यांनी बहुधा शिबिर केलेले नसते. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून सात रात्री काढल्या, पहाटेच्या थंडीत प्रभातफेरीला निघालो, पन्नास जणांचा स्वयंपाक पाळीपाळीने केला, एका पंगतीत जेवलो, या गोष्टी अठरा वर्षांच्या मुलामुलीला जे देतात ते कुठल्याही पेपरातून मिळत नाही. कोण कुणाच्या हातचे खातो हा प्रश्न आजही आपल्या गावांतून पुरता गेलेला नाही. शिबिराच्या पंगतीत मात्र वाढपी पाळीने बदलतो आणि सात दिवसांत तो प्रश्न कुणाच्या लक्षातही राहत नाही. घराबाहेर एक रात्रही न काढलेली मुलगी वडिलांची परवानगी काढून शिबिराला येते, ही तर त्या घरातली छोटी क्रांतीच असते. तेव्हा शिबिरे बंद करा असे कुणी म्हणू नये.

तक्रार आहे ती शिबिर गावाकडे कसे पाहते याबद्दल. आमच्या मुलखातला नेहमीचा वनराई बंधारा घ्या. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून नाल्यावर बांध घालायचा, वाहून जाणारे पाणी अडवायचे, ही साधी, स्वस्त आणि उपयोगी युक्ती. पण तिला एक वेळ असते. पाऊस ओसरल्यावर नाल्याला धार असते तेव्हा, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, बांध पडला पाहिजे. विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा उरकून शिबिराची तारीख येते ती डिसेंबर-जानेवारीत. तोवर अनेक नाल्यांत भिजलेली वाळूच काय ती उरलेली असते. मग कोरड्या नाल्यावर बंधारा बांधला जातो, पाहुणे त्याचे लोकार्पण करतात, आणि गावातला एखादा म्हातारा चिलीम झाडत विचारतो, ‘पानी कोटं हाय बापू?’ त्याला हा प्रश्न आधी विचारण्याची संधी कुणी दिली नव्हती.

वृक्षारोपणाचेही तेच. रोप लावायला जुलै उत्तम, याबद्दल वाद नाही. पण धान निघाल्यावर आमच्याकडे जनावरे मोकळी सुटतात, हे गावातल्या पोराला सांगावे लागत नाही. कुंपण नसलेले रोप डिसेंबर पाहत नाही. तरी पुढच्या जुलैला त्याच खड्ड्यात पुन्हा रोप लागते. खड्डा तयारच असतो, ही एक सोय!

अलीकडे यात एका नव्या देवाची भर पडली आहे. त्याचे नाव जिओ-टॅग. नॅकच्या मूल्यांकनासाठी विस्तार-कार्याचे पुरावे द्यावे लागतात आणि त्यात अक्षांश-रेखांश उमटलेले छायाचित्र लागते. पुरावा मागणे गैर नाही. खोटे अहवाल लिहिण्याची आपली परंपरा पाहता तो मागायलाच हवा. पण फोटोत झाडू हातात धरलेले वीस विद्यार्थी आणि रेखांशाचे आकडे दिसतात, गटार पुढच्या आठवड्यात पुन्हा तुंबले की नाही ते दिसत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने तर समाजाशी जोडणाऱ्या प्रकल्पांना पदवीच्या अभ्यासक्रमात श्रेयांकच दिले आहेत. पूर्वी शंभर स्वयंसेवकांच्या तुकडीपुरता असलेला हा व्यवहार आता जवळपास प्रत्येक विद्यार्थ्याचा होणार. दरवर्षी एकाच गावात शे-दीडशे प्रश्नावल्या घेऊन पोरे फिरू लागली आणि प्रत्येकाने ‘तुमच्या घरी शौचालय आहे का’ असेच विचारले, तर गाव दारे लावून घेईल. लावून घ्यावीतही.

ज्यांच्या नावाने आमचे नागपूर विद्यापीठ २००५ पासून ओळखले जाते, त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची इथे आठवण होणे स्वाभाविक आहे. १९२३ साली सहा महाविद्यालयांनिशी सुरू झालेल्या या विद्यापीठाला प्राथमिक शाळेपलीकडे न गेलेल्या माणसाचे नाव आहे. शेजारच्या अमरावती विद्यापीठाला हातात खराटा घेऊन फिरलेल्या गाडगेबाबांचे. विदर्भाने आपल्या विद्यापीठांसाठी निवडलेली ही दोन नावे म्हणजे एक शैक्षणिक विधानच आहे, आणि ते पाटीवर लिहून आपण मोकळे झालो आहोत. तुकडोजी महाराज गावात जात ते खंजिरी घेऊन. गाव आधी प्रार्थनेला जमायचे, मग श्रमाला. १९५५च्या ग्रामगीतेत त्यांनी गावाची स्वच्छता, आरोग्य, शिक्षण, उद्योग, भांडणतंटे, लग्नखर्च असा सगळा प्रपंच ओवीत बांधला, कारण ओवी जात्यावरही चालते आणि भजनातही. लोक ज्या रीतीने आधीपासून एकत्र येतात तीच रीत धरायची आणि तिच्यातून नवे काम उभे करायचे, ही त्यांची पद्धत. आमच्या महाविद्यालयांनी त्यांच्या पुण्यतिथीचे कार्यक्रम निष्ठेने केले, ही पद्धत मात्र उचलली नाही.

पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत लोक एकत्र येण्याच्या रीतींची काय कमी आहे? दिवाळी झाली की मंडया सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. प्रत्येकीचा दिवस ठरलेला. लेकी माहेरी येतात, सोयरे उतरतात, दिवसा बाजार आणि दंडार, रात्री नाटक. मंडईत सोयरिकी जुळतात, जुनी उसनवारी फिटते, कुणाचा मुलगा काय शिकतो याची चौकशी होते. झाडीपट्टीच्या रंगभूमीबद्दल तर महाराष्ट्राच्या इतर भागांना अजून पुरते माहीत नाही. देसाईगंज-वडसा भागातल्या नाटक कंपन्या हंगामभर गावोगाव जातात, गावकरी तिकीट काढून रात्रभर नाटक पाहतात. २०२३ मध्ये या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या वाचकांना ते नाव शोधावे लागले. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडकाने महाविद्यालयीन नाटकाला घर दिले आणि त्यातून पिढ्यान्‌पिढ्या नट घडले, याचे कौतुक आपण नेहमी वाचतो. ते रास्तच आहे. पण तिथे महाविद्यालयांना नाटकासाठी प्रेक्षक घडवावा लागला. इथे हजारोंचा तयार प्रेक्षक मंडपात बसलेला आहे आणि आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात पोरे चित्रपटगीतांवर ठरीव नाच करताहेत.

नाचाला विरोध नाही. पोरांनी नाचावे, भरपूर नाचावे, वय आहे. खंत एवढीच की ज्या मुलाचा काका रात्री मंडईत खलनायक रंगवून शिट्ट्या घेतो, त्या मुलाला महाविद्यालयात आल्यावर आपल्या घरातली ही कला कलाच नाही असे वाटू लागते. इथल्या झाडीबोलीचेही तसेच. भंडारा जिल्ह्याच्याच डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीसाठी हयात घालवली, तिच्या अभ्यासाची आणि साहित्याची चळवळ उभी केली. वक्तृत्व स्पर्धेत मात्र झाडीबोलीत एक वाक्य बोललेल्या पोराला परीक्षक ‘उच्चार सुधारा’ असा शेरा देतात. निदान एक एकांकिका, एक कथाकथन, एक वादविवाद दरवर्षी झाडीबोलीत व्हावा, आणि तो सभागृहात नव्हे तर कुठल्यातरी मंडईच्या दिवशी, मंडपातच व्हावा. परीक्षक गाव असेल. त्या परीक्षकाइतका कठोर दुसरा मिळणार नाही. नाटक पडले तर तो तोंडावर सांगतो.

गावाच्या पंचांगाचा विचार म्हणजे फक्त मंडई नव्हे. जुलै-ऑगस्टात प्रवेश होतात, नवे सत्र सुरू होते, विद्यार्थी-स्वागताचे आणि व्यक्तिमत्त्व विकासाचे कार्यक्रम लागतात. हेच रोवणीचे दिवस. पऱ्हे उपटून मुठी बांधून चिखलात दिवसभर वाकलेल्या बायकांमध्ये आपल्या विद्यार्थिनी असतात, आणि त्या मजुरीतून कुणाची फी, कुणाचा एसटीचा पास निघतो. गैरहजेरीचा शेरा लिहिणाऱ्याला हे माहीत असते, पण रकान्यात तसे लिहायची सोय नसते. मोठे कार्यक्रम सप्टेंबरच्या उत्तरार्धात आणि धान चुरून झाल्यावर, म्हणजे डिसेंबरनंतर ठेवले, तर निम्मे अपयश तिथेच टळेल. एसटीचीही तीच कथा. पाचला पाहुण्यांचे आगमन आणि सातला बक्षीस वितरण असा कार्यक्रम आखला की बाहेरगावच्या मुली वगळल्या गेल्या, असे समजावे. बक्षीस मिळालेल्या मुलीचे नाव पुकारले जाते आणि ती तोवर बसमध्ये बसलेली असते. दुपारी बारा ते तीन एवढाच वेळ खरा सार्वजनिक आहे. पाहुण्यांना ते उन्हाचे वाटत असेल तर पाहुणे बदलावेत.

हे सगळे ठरवणार कोण? इथे एक विचित्र गोष्ट सांगायला हवी. महाराष्ट्रात महाविद्यालयीन निवडणुका १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हिंसाचारामुळे बंद झाल्या आणि १९९४च्या कायद्याने विद्यार्थी प्रतिनिधी गुणवत्तेवर नेमले जाऊ लागले. २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने त्या निवडणुका कागदावर परत आणल्या. २०१९ मध्ये वेळापत्रकही निघाले, विधानसभा निवडणूक आली म्हणून ते पुढे ढकलले गेले, आणि मग विषयच मागे पडला. आता हे पाहा. कोंढ्याच्या एखाद्या विद्यार्थ्याला अठराव्या वर्षी ग्रामसभेत बसण्याचा, प्रश्न विचारण्याचा, ग्रामपंचायतीला मत देण्याचा हक्क आहे. एकविसाव्या वर्षी तो ग्रामपंचायतीचा सदस्य होऊ शकतो, सरपंचही होऊ शकतो. गावाचा पाणीपुरवठा त्याच्या हाती देता येतो, पण स्नेहसंमेलनाचा सचिव त्याने मत देऊन निवडायचा नाही! निवडणुकांत मारामाऱ्या झाल्या, हे खरे. मारामाऱ्या ग्रामपंचायतीतही होतात. त्यासाठी कुणी ग्रामपंचायती गुणवत्ता यादीवर भरलेल्या नाहीत.

कायद्याची वाट न पाहता एवढे तर कुठलेही महाविद्यालय करू शकते: वर्षाचे उपक्रम आणि त्यांचा खर्च विद्यार्थ्यांच्या उघड बैठकीत ठरवावा आणि वर्षाअखेरीस त्याच बैठकीत हिशेब मांडावा. उपक्रमांची संख्या निम्म्यावर येईल. यावी. दिनविशेषांच्या यादीबरहुकूम दर आठवड्याला एक प्रतिमापूजन करून कुणाचेही भले झालेले नाही, ज्या थोरांच्या प्रतिमा पुजल्या त्यांचे तर नाहीच.

मग उरलेल्या वेळात काय करावे? भंडारा जिल्ह्यात राहून हा प्रश्न पडू नये. आपल्याकडे मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. कोहळी समाजाच्या कसबी लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी उतार ओळखून बांधलेली ही व्यवस्था. १९५०च्या दशकात मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि पाळ कुणी दुरुस्त करायची, गाळ कुणी काढायचा, पाण्याची पाळी कुणी ठरवायची हे सगळे अधांतरी राहिले. अनेक तलाव बेशरमाच्या झुडपांनी आणि गाळाने भरले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने पूर्व विदर्भातल्या काही तलावांवर मासेमार ढिवर समाजाच्या स्त्री-पुरुषांना बरोबर घेऊन देशी पाणवनस्पती आणि देशी मासे परत आणण्याचे काम केले. ते काम सात दिवसांत झाले नाही, आणि आधी ढिवरांना विचारूनच सुरू झाले, कारण कुठल्या वनस्पतीत कुठला मासा अंडी घालतो हे त्यांनाच ठाऊक होते. आपल्या पंचक्रोशीत किती तलाव आहेत, कुणाचे पाणी कुठल्या बांध्यांना जाते, कुठला सांडवा फुटला, कुठे अतिक्रमण झाले, याची नोंद एखाद्या महाविद्यालयाने पाच वर्षे सलग ठेवली, तर तिची किंमत शंभर पथनाट्यांहून अधिक आहे.

गोसेखुर्दचे तर काय सांगावे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली आणि पवनी परिसरातली गावेच्या गावे पुनर्वसनाच्या वाटेला लागली. आज वर्गात बसलेल्या काही मुलांच्या आजोबांचे घर पाण्याखाली आहे. त्या गावांतल्या आखराच्या, विहिरींच्या, घाटांच्या, शेतांच्या नावांची यादी कुठल्या सरकारी दफ्तरात नाही. ती आजी-आजोबांच्या तोंडी आहे आणि दरवर्षी थोडी थोडी कमी होते आहे. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला तेव्हा पाणी कुठल्या घराच्या कुठल्या पायरीपर्यंत चढले, हेही लोकांना अजून आठवते. अशी खूण गावोगाव दगडावर कोरून ठेवली तर पुढच्या पुराच्या वेळी ती जीव वाचवील. या कामाला श्रेयांक द्यायला हरकत कुणाची असणार? जिओ-टॅगही येथे खराच कामी येईल.

एक महत्त्वाची अट मात्र आहे: यातले जे काही होईल ते गावासमोर गेले पाहिजे. विद्यापीठाला पाठवलेला अहवाल गावाला कधीच वाचायला मिळत नाही. तलावाची पाहणी ज्यांच्या तलावाची केली, त्यांना तिचा निष्कर्ष कळू नये, हा कसला विस्तार? आणि यासाठी नवी समिती, नवा मेळावा, नवे सभागृह काही लागत नाही. २ ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा भरतेच. राष्ट्रीय सेवा योजनेच्या वर्धापनदिनानंतर बरोबर आठ दिवसांनी. त्या आठवड्यात स्वच्छता पंधरवडाही चालू असतो, म्हणजे झाडू आणि पोरे रस्त्यावर असतातच.

म्हणून कोंढा-कोसऱ्यासह पवनी तालुक्यातल्या आणि एकूणच झाडीपट्टीतल्या प्राचार्यांना, कार्यक्रम अधिकाऱ्यांना आणि त्याहून जास्त विद्यार्थ्यांना विनंती आहे की यंदा २४ सप्टेंबरला पाहुण्यांचे भाषण रद्द करा आणि त्या वेळात गावातल्या चार जाणत्यांना, त्यात दोन बाया असतीलच असे पाहून, बोलवा. त्यांना विचारा, वर्षभरात आम्ही तुमच्या कोणत्या एका कामाला लागू? त्यातले एक काम पक्के करा. आठ दिवसांत त्याची पहिली पाहणी करा, दोन पानांत लिहा, झाडीबोलीत लिहिलेत तर उत्तम. आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, कार्यक्रम पत्रिकेवरचा विषय म्हणून, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याने मतदार या नात्याने उभे राहून ती पाने वाचावीत. सरपंचांनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी त्याची नोंद इतिवृत्तात घ्यावी, आणि पुढच्या वर्षी त्याच सभेत त्या कामाचा हिशेब मागावा.